कोकणातल्या घराचा डेक: फळीचा रंग शेवटी, सांगाडा आणि स्क्रू आधी

डेकची, म्हणजे घरालगतच्या फळ्यांच्या उघड्या ओट्याची, चौकशी करायला गेलं की दुकानदार आधी फळ्यांचे रंग दाखवतो. घर गुहागर-मालवणकडे किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर असेल, तर ते नमुने थोडा वेळ बाजूला ठेवा. चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा वारा असलेल्या ठिकाणी डेक सहसा वरून खराब होत नाही. आधी सांगाड्याचे जोड गंजतात, मग स्क्रूची डोकी उडतात आणि चांगल्या फळ्या सैल पडतात. म्हणून निवड खालून वर करत जायची.

हिशेबासाठी उतारावरचा एक डेक धरू: 12 फूट लांब, 10 फूट रुंद, एक कड घराच्या जोत्यालगत, दुसरी जमिनीपासून सहा फूट वर. इतक्या उंचीवर खांब आणि मुख्य बीम किती जाडीचे हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच ठरवून घ्या. सांगाडा जोत्याला चिकटवू नका, इंचभर फट सोडा. ती नसली तर पावसाचं पाणी तिथेच अडकतं आणि भिंतीला ओल येते.

बीमवर आडवे रनर येतात, फळ्या यांच्यावरच बसतात. दर सव्वातीन फुटांवर आधार असेल तर 50 बाय 50 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा पाइप पुरतो. बाजारातल्या साध्या जीआय पाइपवर जस्ताचा थर पातळ असतो आणि वेल्डिंग केलं की नेमका जोडावरचा थर जळतो. वर चंदेरी रंग मारला तरी खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा कापणं, वेल्डिंग, बोल्टसाठी होल पाडणं सगळं वर्कशॉपमध्ये उरकून मग तयार भाग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवायला, पाठवा आणि जागेवर फक्त बोल्टने जोडा. वाहतुकीसकट खर्च वाढतो, पण डेकवर जास्तीचे पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ते इथे घाला. फॅब्रिकेटरला एक गोष्ट बजावून सांगा: बंद पाइपच्या दोन्ही टोकांना हवा जायला होल हवंच. वितळलेलं जस्त साधारण 450 अंशांवर असतं. आत हवा किंवा पाणी कोंडलं तर पाइप फुटतो आणि माणसं भाजतात.

आता फळी. सागवान घ्यायचं तर गाभ्याचं, गडद भागाचं. कडेच्या पिवळट-पांढऱ्या भागात वाळवी आणि बुरशी लवकर शिरते, म्हणून प्रत्येक फळीची दोन्ही टोकं बघूनच माल उचला. एक इंच जाड, चार इंच रुंद फळ्या 5 मिलिमीटर फटीने बसवल्या तर आपल्या डेकला 12 फुटी 29 फळ्या लागतात, म्हणजे जेमतेम पावणेदहा घनफूट. कापाकापी धरून 11 घनफूट मागवा. रनर 16 इंचांवर ठेवले तर 10 होतात. ऐन आणि किंजळही इथली दणकट लाकडं, पण नीट वाळलेली नसतील तर पिळतात. स्वस्तातलं, प्रक्रिया न केलेलं पाइन कोकणात उघड्यावर वापरू नका.

डब्ल्यूपीसीला, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीला, वाळवी लागत नाही, तेलपाणीही करावं लागत नाही. पण ती फळी उन्हात प्रसरण पावते आणि दोन आधारांमध्ये वाकते. रनर 12 इंचांवर घ्यावे लागतात, म्हणजे 10 ऐवजी 13. कोटेशनची तुलना करताना हे तीन रनर धरले आहेत का ते पाहा. टोकांना 5-6 मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर मे महिन्यात फळ्या फुगून उचलल्या जातात. गडद रंगावर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. या फळ्या रनर किंवा रेलिंगचे खांब म्हणून कधीच वापरू नका.

स्क्रू मात्र हातात घेऊन तपासा. पाइपमध्ये थेट घुसणारे बहुतेक स्टेनलेस स्क्रू 410 ग्रेडचे असतात. ते लोहचुंबकाला चिकटतात आणि समुद्राजवळ गंजतात. साध्या लोखंडी स्क्रूभोवती तर सागवानावर काळे डाग उमटतात. 316 ग्रेड घ्या आणि पाइपला आधी होल व आटे पाडून घ्या. पाडलेल्या प्रत्येक होलला जस्ताचा प्रायमर लावायचा. सागवानाच्या डेकला प्रत्येक रनरवर फळीला दोन, म्हणजे 580 स्क्रू, 650 मागवा.

रेलिंगमध्ये फसवणूक होते ती 202 ग्रेडच्या स्टेनलेस पाइपची. दिसायला तो 304 सारखाच चकचकीत असतो आणि चुंबकही दोन्हींना जवळपास लागत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे निकामी. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि ग्रेड ओळखायच्या द्रावणाचा थेंब तुमच्यासमोर टाकायला सांगा. किनाऱ्यालगत 304 वरही तांबूस डाग येतात. 316 मध्ये मोलिब्डेनम असल्याने ते बरंच टिकतं. तेवढा खर्च नको असेल तर सांगाड्यासारखंच गॅल्व्हनाइज केलेलं लोखंडी रेलिंग आणि वर सागवानी हातधरणी हा जोड उत्तम.

उंची साडेतीन फूट, उभ्या सळ्या, मधली फट चार इंचांपेक्षा कमी. आडव्या तारा किंवा पट्ट्या लहान मुलं शिडीसारख्या चढतात. काच हवीच असेल तर टफन्ड (तापवून कणखर केलेली) आणि लॅमिनेटेड (मध्ये पातळ थर घालून दोन काचा चिकटवलेली) अशी दोन्ही असावी; नुसती टफन्ड काच फुटली की पूर्ण खाली येते आणि कडा उघडी पडते. खांब पाच फुटांच्या आत ठेवा आणि सांगाड्यालाच आरपार बोल्टने आवळा. फळीवर बेसप्लेट ठेवून स्क्रू मारलेला खांब एका पावसाळ्यात हलायला लागतो.

सागवानाला चकचकीत व्हार्निश नको. पावसात त्याचे पापुद्रे सुटतात. कच्च्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते. डेकसाठीचं, बुरशीरोधक घातलेलं तेल दिवाळीनंतर, लाकूड खणखणीत वाळल्यावर लावा आणि मेमध्ये पुन्हा एक हात. काजूच्या टरफलाचं तेल फळीच्या खालच्या अंगाला उत्तम. वरच्या अंगाला नको: ते काळं पडतं आणि ओलं असताना कातडी भाजते, म्हणून लावतानाही हातमोजे घाला.