मुंबईच्या गच्चीवरून लहान मुलांना तारे कसे दाखवावेत

मुलांना आकाश दाखवण्याचा विषय निघाला की मुंबईतले पालक बहुतेक वेळा एकच अडचण सांगतात: इथे तारे दिसतातच कुठे? अडचण खरी आहे. रस्त्यांवरचे दिवे, उंच इमारतींचा झगमगाट आणि हिवाळ्यात हवेत तरंगणारी धूळ यांमुळे काळोख्या गावातून हजारोंनी दिसणारे तारे इथे मोजकेच उरतात. तरीही चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी आकाशाची पहिली ओळख मुंबईतूनच व्हावी, असे माझे मत आहे. पूर्ण काळोखात पहिल्यांदा मान वर केलेली मोठी माणसेही गोंधळून जातात, मग मुलाने कोणता ठिपका लक्षात ठेवावा? मुंबईचे आकाश ही निवड आपल्यासाठी आधीच करून ठेवते. इथून दिसणारे व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, स्वाती, चित्रा, अभिजित हे तारे ठळक आहेत आणि आकाश शिकणाऱ्याने सर्वांत आधी ओळखायला हवेत तेही हेच.

गच्ची आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सुरुवातीसाठी उत्तम. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सव्वासातपर्यंत पुरेसा अंधार होतो, त्यामुळे मुलांच्या झोपेची वेळ न बिघडवता आकाश पाहता येते. मे महिन्यात सूर्यास्तच सातनंतर होत असल्याने अंधारासाठी साडेआठपर्यंत थांबावे लागते आणि तोवर लहान मूल कंटाळून जाते.

गच्चीला कुलूप असेल तर सोसायटीच्या सचिवांना आधी कल्पना देऊन किल्ली मागून घ्यावी. कठडा उंच नसेल, तर मुलांनी उभे न राहता गच्चीच्या मधोमध सतरंजीवर पाठ टेकून पडावे, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. आडवे पडून पाहिल्याने मान अवघडत नाही, शिवाय आजूबाजूचे बरेचसे दिवे कठड्याआड जातात. पाण्याच्या टाकीमुळे एखाद्या दिव्याचा झोत अडत असेल, तर तिच्या सावलीतली जागा निवडावी. गच्ची नसेल तर खिडकीही चालते. मात्र घरातला दिवा मालवावा आणि खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहून ठेवावे.

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे क्षणभर पाहिले तरी ही सवय मोडते. म्हणून विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर रबराने बसवून घ्यावेत. ही तयारी मुलांकडूनच करून घेतली की गच्चीवर जाण्याआधीच त्यांचे मन त्या कामात गुंतते. आकाश ओळखून दाखवणारी अॅप उपयोगी असली, तरी ती पालकांनी खाली घरात पाहून घ्यावीत. गच्चीवर पडदा पेटला की मूल आकाशाऐवजी पडद्याकडेच पाहू लागते.

सुरुवात चंद्रापासून

अगदी लहान मुलाला ताऱ्यांआधी चंद्र दाखवावा आणि त्यासाठी आपल्याकडे संकष्टी चतुर्थीसारखी दुसरी सोय नाही. घरात कोणी उपवास करत असेल, तर चंद्रोदयाची वाट पाहिली जातेच, आणि ती वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. त्या वेळी मुलाला पूर्वेकडे तोंड करून उभे करावे आणि इमारतींच्या मागून चंद्र वर येताना त्याला स्वतःला दिसू द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वर न्यावे. आज चंद्र नाही! तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, ही गोष्ट मुलाला सांगावी लागत नाही, ती त्याच्या ध्यानात येते.

उगवता चंद्र मोठा भासतो. अशा वेळी मुलाला हात लांब करून करंगळीने चंद्र झाकायला सांगावे आणि दोन-तीन तासांनी, किंवा दुसऱ्या एखाद्या दिवशी चंद्र वर आलेला असताना, पुन्हा तसेच करून पाहायला लावावे. दोन्ही वेळा तो करंगळीआड तितकाच झाकला जातो. डोळ्यांना भासते ते आणि मोजल्यावर कळते ते वेगळे असू शकते, हा खगोलशास्त्राचा पहिला धडा मूल करंगळीवर शिकते.

द्विनेत्री दुर्बीण असेल, तर चंद्रावरची विवरे पाहण्यासाठी पौर्णिमेऐवजी शुद्ध अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडावा, कारण उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि त्यांचे काठ उठून दिसतात. हीच दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, हे मुलांना निक्षून सांगावे आणि दिवसा ती त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

पहिले नक्षत्र मृग

ताऱ्यांकडे वळताना एका संध्याकाळी एकच नक्षत्र घ्यावे आणि पहिले घ्यावे ते मृग. जानेवारीच्या मध्यात रात्री आठला ते पूर्व-आग्नेयेला चांगले वर आलेले असते. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि मध्ये एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर असलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. हे सातही तारे मुंबईतून दिसतात. आधी बाण दाखवावा, कारण तीन ताऱ्यांची सरळ रेषा मुलाच्या नजरेला चटकन सापडते. हरणाचे डोके म्हणजे मृगशीर्षाचे तीन बारीक तारे मात्र इथून सहसा दिसत नाहीत. तिथे डोके आहे असे मुलाला सांगावे आणि ते पाहणे पुढच्या काळोख्या रात्रीसाठी राखून ठेवावे.

बाण सापडला की त्याची रेषा खाली आग्नेयेकडे वाढवावी. तिथे रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा लुकलुकत असतो, तो व्याध, म्हणजे बाण मारणारा शिकारी. हीच रेषा उलट दिशेने वर नेली की तांबूस रोहिणी लागते आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते प्रत्येकाने न बोलता मोजावे आणि मग आकडे सांगावेत. मुलांची नजर तीक्ष्ण असते आणि अनेकदा त्यांचाच आकडा मोठा निघतो. मुंबईच्या धुरकट रात्री मोठ्यांना तिथे नुसता पुसटसा डाग दिसला तरी नवल नाही. त्याच डागाकडे दुर्बीण वळवली की त्यातून अनेक तारे सुटे होतात, आणि तेव्हा मुलांच्या तोंडून निघणारा उद्गार ऐकण्यासारखा असतो.

यानंतर रंग. मृगाच्या चार पायांपैकी काक्षी तांबूस आहे, तर बाणाच्या पलीकडच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. कोणता तारा लाल आहे हे आपण सांगू नये. ‘यातला वेगळा कोणता?’ असे विचारून थांबावे. मुलाने कारण विचारले तर कणीसवाल्याची शेगडी आठवून द्यावी: निखारा मंद असतो तेव्हा तांबडा दिसतो, पंख्याने वारा घातला की अधिक तापतो आणि नारिंगी-पिवळा होतो. ताऱ्यांचेही तसेच आहे. तांबूस तारे त्या मानाने थंड, पिवळे त्याहून तप्त आणि निळसर पांढरे सर्वांत तप्त.

पुढचे आठ-दहा दिवस दुसरे काही शिकवू नये. मुलाला रोज पाच मिनिटे वर नेऊन मृग शोधायला लावावे आणि टाकी, मोबाइलचा मनोरा किंवा शेजारच्या इमारतीचा कोपरा यांच्या संदर्भाने त्याची जागा लक्षात ठेवायला सांगावे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात आठ वाजता मृग आकाशात जवळजवळ सर्वांत उंच जागी असतो आणि एप्रिलमध्ये त्याच वेळी पश्चिमेला कललेला दिसतो. जून उजाडला की तो दिसतच नाही. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, म्हणूनच आपण ‘मृगाचा पाऊस’ म्हणतो. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि उजेडात हरवतो. दिवसा तारे कुठे जातात, या मुलांच्या हमखास प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

ध्रुवाबद्दल आधीच सांगून ठेवावे

गोष्ट ऐकलेल्या मुलाची अशी समजूत असते की ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा असणार, आणि तो मध्यम तेजाचा निघाला की मूल हिरमुसते. म्हणून आधीच सांगावे, की ध्रुवाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे, बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरताना दिसतात आणि तो जवळजवळ हलत नाही. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या मुलांना चर्चगेटहून विरारकडे जाणारी दिशा म्हणजे साधारण उत्तर, एवढे पुरते. त्या दिशेला हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ अशा दोन मुठी मोजल्या की ध्रुवाची उंची मिळते, कारण लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश भरते आणि मुंबईत ध्रुव सुमारे १९ अंशांवर असतो. मुंबईचे अक्षांशही १९ आहेत, ही गोष्ट मोठ्या भावंडांना नकाशावर दाखवावी. श्रीनगरहून हाच तारा ३४ अंशांवर, तर कन्याकुमारीहून जेमतेम ८ अंशांवर दिसतो. उत्तरेला इमारती किंवा धूळ असेल, तर ध्रुवाचा हट्ट धरू नये.

वयाचा तारा

माझ्या घरी सर्वाधिक रमलेला खेळ हा. प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, ही कल्पना मुलाला अवघड वाटते. त्यासाठी मी कोकणातून एसटीने येणाऱ्या आंब्याच्या पेटीचे उदाहरण देते. पेटी आज घरी आली तरी आंबे काल उतरवलेले असतात, तसा ताऱ्याचा प्रकाश आज दिसला तरी तो पूर्वी कधीतरी निघालेला असतो. चंद्रावरून यायला त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यावरून सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद, आणि व्याधावरून साडेआठ वर्षांहून थोडे अधिक. म्हणजे आठ-साडेआठ वर्षांच्या मुलाला आज दिसणारा व्याधाचा प्रकाश साधारण त्याच्या जन्माच्या वेळी निघाला.

मग घरातल्या प्रत्येकाचा तारा शोधावा. सोळा-सतरा वर्षांच्या दादाचा श्रवण, पंचविशीतल्या मावशीचा अभिजित, सदतीस वर्षांच्या आईचा स्वाती, बाबा त्रेचाळीस वर्षांचे असतील तर त्यांचा ब्रह्महृदय, पासष्टीच्या आजोबांची रोहिणी, आणि घरात एकोणऐंशी वर्षांची पणजी असेल तर तिची मघा. चार वर्षांच्या मुलासाठी मित्र हा तारा आहे, पण तो मे महिन्यात दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम १० अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असलेली जागा लागते. कृत्तिकांचा प्रकाश निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता, हे ऐकल्यावर मुले त्या पुसट डागाकडे पुन्हा एकदा, आणि जास्त वेळ, पाहतात.

ढग असतील तेव्हा

जून ते सप्टेंबर गच्चीचा उपयोग नाही. या दिवसांत घरात चंद्र-पृथ्वीचे मोजमाप करावे. बास्केटबॉल ही पृथ्वी मानली तर टेनिसचा चेंडू साधारण चंद्राएवढा होतो. मुलांना हे दोन चेंडू योग्य अंतरावर ठेवायला सांगितले की ती ते हातभर अंतरावर ठेवतात. प्रत्यक्षात मध्ये तीस पृथ्व्या मावतात, म्हणजे चेंडूंच्या मापाने सात मीटरहून अधिक. चंद्र घेऊन एकाला बहुधा दाराबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहावे लागते.

वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून मुंबईच्या मुलांना घुमटावर तारे दाखवत आले आहे. खेळ सुरू आहेत का आणि मराठी खेळ कोणत्या वेळी आहे, याची चौकशी करून मगच निघावे. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला दाराजवळच्या खुर्चीवर बसवावे.

शहराबाहेरची पहिली रात्र

पाच-सहा नक्षत्रे मुलाला स्वतःहून ओळखता येऊ लागली, की मगच काळोख्या जागी न्यावे. मुंबईचे खगोल मंडळ कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन ठेवते. अशा कार्यक्रमाची किंवा आपल्या गावी जाण्याची तारीख अमावास्येच्या जवळची निवडावी. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेकडून उल्का येताना दिसतात, त्या दिवसांत चंद्र नसेल तर ती संधी सोडू नये. रात्री दव पडते, म्हणून कानटोपी, जाड पांघरूण आणि सतरंजीखाली घालायला प्लास्टिक न्यावे.

तिथे पोहोचल्यावर कोणी काही दाखवण्याआधी मुलाला पाच मिनिटे एकट्याने पाहू द्यावे. एवढ्या ताऱ्यांत ते आधी गांगरते, मग बाण शोधू लागते, आणि बाण सापडला की व्याध, रोहिणी, कृत्तिका अशी आपली माहितीची माणसे त्याला एकेक करून भेटतात. राखून ठेवलेले मृगाचे डोके त्या वेळी दाखवावे. अकराच्या सुमारास बहुतेक मुले झोपतात, त्यांना झोपू द्यावे. पहाटे चार वाजता मात्र दहा मिनिटांसाठी उठवून ईशान्येकडे तोंड करून बसवावे, कारण डिसेंबरातल्या संध्याकाळी न दिसणारे सप्तर्षी तेव्हा तिथे चांगले वर आलेले असतात आणि शेवटून दुसऱ्या वसिष्ठाला अगदी चिकटून असलेली अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते का, हे पाहायला मुलांचे डोळे सर्वांत योग्य.