कार-टी उपचाराच्या सॉफ्टवेअरमधील टास्क आणि एक्सेप्शन: इंदूरच्या समन्वयकांसाठी मार्गदर्शन

नेहमीच्या औषधाची खेप उशिरा आली, तर रुग्णालयाचे औषध भांडार दुसऱ्या वितरकाला फोन करून तेच औषध मागवते. कार-टी या रक्ताच्या काही कर्करोगांवरील पेशी-उपचारात ही सोय नाही. रुग्णाच्या रक्तातून अफेरेसिस यंत्राने वेगळ्या केलेल्या पेशी कारखान्यात जातात, तेथे त्यांतील टी-पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये) जनुकीय बदल घडवून त्यांची संख्या वाढवली जाते, त्या गोठवल्या जातात आणि काही आठवड्यांनी त्याच रुग्णाच्या शिरेतून परत दिल्या जातात; ती पिशवी हरवली, तिचे तापमान वाढले किंवा तिच्या लेबलाविषयी शंका उत्पन्न झाली, तर तिच्या जागी देता येईल अशी दुसरी पिशवी कोणाकडेच नसते. अमेरिकेत या प्रकारच्या पहिल्या उपचाराला ३० ऑगस्ट २०१७ रोजी मान्यता मिळाली, आणि आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या नेक्सकार१९ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये. महानगरांबाहेरच्या रुग्णालयांनाही या कामाची तयारी आता करावी लागेल.

पुढील विवेचनासाठी असे धरू की रुग्ण इंदूरचा आहे, पेशी इंदूरमध्येच काढल्या जाणार आहेत आणि कारखाना नवी मुंबईत आहे. या सर्व कामांचा माग रुग्णालयातील समन्वयक सॉफ्टवेअरमधून ठेवतो. ते कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्या पडद्यावर मुख्यतः दोनच गोष्टी दिसतात: ठरल्याप्रमाणे करायचे काम म्हणजे टास्क, आणि ठरल्याप्रमाणे न घडलेली गोष्ट म्हणजे एक्सेप्शन. समन्वयकाचे कौशल्य मुख्यतः दुसऱ्या प्रकारात पणाला लागते. तथापि एक्सेप्शनचा त्रास कितपत होईल, हे टास्क कसे मांडले आहेत यावर अवलंबून असते.

पहिला रुग्ण नोंदवण्यापूर्वी

प्रत्येक टास्कला जबाबदार भूमिका, त्या भूमिकेतील बदली व्यक्ती, मुदतीची वेळ, पूर्ण झाल्याचा पुरावा आणि आधीचा कोणता टास्क पूर्ण असावा याची अट, एवढ्या गोष्टी जोडलेल्या आहेत का, हे तपासावे. टास्क व्यक्तीच्या नावे न देता भूमिकेच्या नावे द्यावा, कारण व्यक्ती रजेवर जाते. मात्र तो स्वीकारताना आणि बंद करताना त्या दिवशीच्या माणसाने स्वतःच्याच लॉगिनने करावा. ‘ताई गडबडीत आहेत, त्यांचा पासवर्ड मला ठाऊक आहे’ ही आपल्याकडची घरगुती सोय येथे चालत नाही, कारण कोणी, काय, केव्हा केले याचा ऑडिट ट्रेल हाच पुढे पिशवीच्या विश्वासार्हतेचा आधार ठरतो.

त्यानंतर कॅलेंडर पाहावे. सॉफ्टवेअर कंपनीने भरून दिलेल्या कॅलेंडरात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर नक्की असतात. रंगपंचमी बहुधा नसते. त्या दिवशी इंदूरमध्ये गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्याच्या परिसरातील वाहतूक बंद होते आणि कुरिअरची गाडी रुग्णालयापर्यंत वेळेवर पोहोचेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, पण नवी मुंबईतील कारखान्याच्या दृष्टीने तो कामाचा साधा दिवस असतो आणि तेथील नियोजन अधिकारी निःशंकपणे स्लॉट देऊन मोकळा होतो. अनंत चतुर्दशीला तर दोन्ही टोकांना अडचण असते: इकडे गिरण्यांच्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, तिकडे मुंबईतील विसर्जन. असे दिवस आपल्या केंद्राच्या कॅलेंडरात वर्षाच्या आरंभीच ‘संकलन नाही’ म्हणून नोंदवावेत.

सकाळची यादी वाचण्याची रीत

बहुतेक सॉफ्टवेअर टास्कची यादी मुदतीच्या क्रमाने दाखवतात आणि नवीन समन्वयक वरून खाली काम उरकत जातो. माझ्या मते ही रीत या कामाला योग्य नाही. यादी रुग्णनिहाय लावावी आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत असे विचारावे की ज्यानंतर मागे फिरता येणार नाही असे पुढचे पाऊल कोणते आणि ते किती दूर आहे. अशी पावले थोडी आहेत. पहिले पेशी-संकलन, कारण पिशवी भरताक्षणी घड्याळ सुरू होते. दुसरे लिंफोडिप्लीशन, म्हणजे फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या औषधांनी रुग्णाच्या स्वतःच्या लिंफोसाइट पेशी कमी करणे. एकदा ती औषधे दिली की रुग्णाची प्रतिकारशक्ती घटलेली असते आणि पिशवी आली नाही तर तो धोका व्यर्थ पत्करला असे होते. तिसरे पिशवी वितळवणे, कारण त्यानंतर हाती फार थोडा वेळ उरतो. काही उत्पादनांसाठी तो सामान्य तापमानाला सुमारे ३० मिनिटांचा आहे.

या प्रत्येक पावलाआधीचे टास्क, मुदत चार दिवसांनंतरची असली तरी, आज उघडून पाहावेत. विशेषतः लिंफोडिप्लीशनच्या टास्कला पिशवी उपलब्ध असल्याची, आणि आपल्या केंद्राच्या नियमात तसे असेल तर ती प्रत्यक्ष आपल्या साठवणीत तपासून घेतल्याची, अट सॉफ्टवेअरमध्येच घातलेली असावी. ‘उत्पादन सज्ज आहे’ असे फोनवर कळले म्हणून ही अट हाताने ओलांडण्याची परवानगी ज्या भूमिकेला आहे, ती भूमिका केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांची असावी, समन्वयकाची नव्हे.

टास्क बंद करताना

काम झाल्यावर टास्क बंद करावा. काम होणारच आहे म्हणून आधी बंद करू नये. हे सांगावे लागते याचे कारण डॅशबोर्डवरील लाल रंग कोणालाच आवडत नाही आणि महिनाअखेरीच्या बैठकीत मुदतबाह्य टास्कची संख्या वाचून दाखवली जाते. पण कुरिअरने पिशवी उचलण्यापूर्वीच ‘पिकअप पूर्ण’ असे नोंदवले, तर कारखान्यात पेशी स्वीकारण्याची तयारी सुरू होते, आणि गाडी जर विजयनगर चौकात अडकलेली असेल, तर ती चूक सहाशे किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला दिसत नाही. नोंद करायला उशीर झाला असेल, तर प्रत्यक्ष घडल्याची वेळ आणि नोंदीची वेळ दोन्ही लिहाव्यात व उशिराचे कारण एका वाक्यात द्यावे. सॉफ्टवेअर बंद पडले, तर कागदी नमुना वापरावा आणि नंतर त्यातील मूळ वेळांसह नोंदी चढवाव्यात. तो कागदही जपून ठेवावा.

‘लागू नाही’ हा पर्याय वापरताना कारण लिहिणे सक्तीचे असावे. ही सक्ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ती घालून मागावी.

एक्सेप्शन केव्हा आणि कसे उघडावे

शंका आली की लगेच उघडावे. एक्सेप्शन म्हणजे कोणावर ठेवलेला ठपका नाही. पुढे जायचे की थांबायचे याचा निर्णय योग्य माणसाकडून मिळवण्याची ती रीत आहे. खात्री होईपर्यंत थांबणारे लोक हुशार असतात, पण तेवढ्या वेळात पिशवी पुढच्या टप्प्यावर गेलेली असते.

उघडताना काय अपेक्षित होते, काय दिसले, केव्हा दिसले, कोणी पाहिले आणि पिशवी या क्षणी कोठे व कोणत्या स्थितीत आहे, एवढेच लिहावे. कारणाचा अंदाज पहिल्या नोंदीत लिहू नये. ‘लेबलमध्ये किरकोळ चूक होती, दुरुस्त केली’ ही नोंद निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘लेबलवर जन्मवर्ष १९६८, फाइलमध्ये १९८६, लेबल १०.४० ला छापले, फरक १०.५५ ला लक्षात आला. पिशवी यंत्राशेजारीच आहे, हलवलेली नाही. तंत्रज्ञ व परिचारिका दोघांनी पाहिले’ असे लिहिले, तर वाचणारा लगेच निर्णय घेऊ शकतो. नोंद होताच पुढील टास्कवर होल्ड, म्हणजे तात्पुरती रोक, लागला आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. सॉफ्टवेअरने तो आपोआप लावला असेल असे गृहीत धरू नये.

गंभीर एक्सेप्शनबाबत सूचना पाठवून समाधान मानू नये, फोन करावा. मात्र व्हॉट्सॲप गटावर रुग्णाचे नाव, आजार किंवा लेबलचे छायाचित्र टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कारण तर आहेच, शिवाय इंदूरच्या मराठी मंडळींत कोण कोणाचा आतेभाऊ निघेल हे सांगता येत नाही. संदेशात केवळ रुग्णाचा ओळख क्रमांक असावा.

ओळख, तापमान, वेळ

ओळखीविषयीचे एक्सेप्शन सर्वांत कडक. नोंदणीच्या वेळी मिळालेला क्रमांक संकलनापासून इन्फ्यूजनपर्यंत, म्हणजे पेशी शिरेतून परत देईपर्यंत, रुग्ण आणि पिशवी यांना बांधून ठेवतो. या दुव्यालाच चेन ऑफ आयडेंटिटी म्हणतात. इंदूरमधील मराठी रुग्णांच्या बाबतीत काही घोटाळे नेहमीचे आहेत. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे वेगवेगळ्या कागदांवर वेगळे असते. आधार कार्डावर माहेरचे आडनाव आणि रुग्णालयाच्या फाइलवर सासरचे असते. हिंदीत नोंदवलेल्या कागदावर पवार यांचे पंवार झालेले असतात. म्हणून नोंदणीच्या दिवशीच एक ओळखपत्र प्रमाण मानावे, त्यावरील नाव अक्षरशः उतरवावे आणि कुटुंबीयांना ते वाचून दाखवावे. लेबल छापल्यानंतर फरक आढळला, तर नाव थेट बदलू नये. एक्सेप्शन उघडून दोन व्यक्तींनी पडताळणी करावी, जुनी लेबले मोजून रद्द करावीत आणि मगच नवीन छापावीत. रुग्णाची ओळख विचारताना ‘तुम्ही देशपांडे काकूच ना?’ असे विचारू नये, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘काकू, तुमचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा’ असे म्हणावे.

तापमानाच्या एक्सेप्शनमध्ये घाईने काही करण्यापेक्षा न करण्याच्या गोष्टी अधिक आहेत. तयार पिशवी द्रव नायट्रोजन शोषून घेतलेल्या ड्राय शिपर या अतिथंड वाहतूक-पात्रातून येते. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि शिपरच्या आतील तापमान सामान्यतः उणे १५० च्या खाली राहावे अशी अपेक्षा असते. शिपर आडवा झाला, तर नायट्रोजन लवकर उडून जातो, म्हणून तो उभाच आला का आणि निघताना नोंदलेल्या वजनाच्या तुलनेत आता किती भरतो, हे पाहावे. डेटा लॉगरचा (तापमान सतत नोंदवणाऱ्या उपकरणाचा) संपर्क तुटणे आणि तापमान वाढणे या भिन्न घटना आहेत: संपर्क तुटला, तरी नोंदी बहुधा उपकरणाच्या स्मृतीत असतात आणि त्या उतरवून घेईपर्यंत एक्सेप्शन ‘माहिती प्रलंबित’ या स्थितीत ठेवावे. तापमान खरोखरच मर्यादेबाहेर गेले असेल, तर झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये, कारखान्याच्या गुणवत्ता विभागाला कळवावे आणि त्यांच्या सूचनेनुसार पिशवी वेगळी राखून ठेवावी. ती वापरण्याजोगी आहे का, हा निर्णय त्यांचा आणि डॉक्टरांचा. समन्वयकाने ‘थोडाच फरक आहे’ असे मत नोंदवू नये.

वेळेची एक्सेप्शन संख्येने सर्वाधिक असतात. संकलनाला काही तास लागतात, त्यानंतर नमुने, लेबल आणि बांधणी. म्हणून संध्याकाळचे मुंबईचे विमान गाठायचे असेल, तर सुरुवात सकाळी लवकर व्हावी लागते. पेटी एक्स-रे यंत्रातून नेऊ नये अशी उत्पादकाची अट असेल, तर विमानतळावरील परवानगीचे पत्र हा स्वतंत्र टास्क असावा आणि त्याची मुदत आदल्या दिवशीची असावी. विमान रद्द झाले, तर आग्रा-मुंबई मार्गाने सेंधवा, धुळे, नाशिक अशी गाडी पाठवता येते. ताज्या पेशींची कालमर्यादा आणि बिजासन घाटातील ट्रकांची रांग यांचा हिशेब मात्र आधीच मांडून ठेवावा.

रुग्णाला ताप आला आणि संकलन पुढे ढकलले, तर सॉफ्टवेअर त्यापुढील सर्व तारखा क्षणात सरकवते. येथे सावध राहावे. सॉफ्टवेअरबाहेर ठरवलेल्या गोष्टी सरकत नाहीत: कुरिअरची नोंदणी, अतिदक्षता विभागातील खाट, विमा कंपनीची पूर्वपरवानगी, खरगोनहून आलेल्या नातेवाइकांची राहण्याची खोली. प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवून मगच एक्सेप्शन बंद करावे.

बंद करणे आणि त्यापुढे

ज्याने एक्सेप्शन उघडले, त्यानेच ते बंद करू नये. निर्णय कोणी घेतला, कोणत्या पुराव्यावर घेतला आणि त्यामुळे कोणते टास्क बदलले, हे लिहिल्याशिवाय ‘निराकरण झाले’ हा शिक्का निरर्थक आहे. बॅच, म्हणजे त्या रुग्णासाठी तयार झालेले उत्पादन, ठरलेल्या निकषांत बसली नाही, असे कारखान्याने कळवले असेल, तर उत्पादकाचे लेखी मत, डॉक्टरांचा निर्णय, रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि नियामक बाजूने आवश्यक ती मान्यता, हे सर्व जोडल्यानंतरच होल्ड निघावा. आठवड्यातून एकदा बंद झालेली एक्सेप्शन कारणांनुसार वाचावीत, माणसांनुसार नव्हे. माणसांनुसार वाचू लागलात की पुढच्या महिन्यात एक्सेप्शन उघडलीच जाणार नाहीत.

इन्फ्यूजन झाल्यावर रिकामी पिशवी, वापरलेली लेबले आणि वितळवण्याची वेळ यांची नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी. त्यानंतर दीर्घकालीन पाठपुराव्याचे टास्क आपोआप निर्माण होतील. अशा जनुकीय उपचारांसाठी अमेरिकी नियामक १५ वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्याची शिफारस करतो. तोपर्यंत आजचा समन्वयक दुसरीकडे गेलेला असेल आणि रुग्णाचा मोबाइल क्रमांकही बदललेला असेल. म्हणून हे टास्क भूमिकेच्याच नावे ठेवावेत, आणि वेगळ्या पत्त्यावर राहणाऱ्या दोन नातेवाइकांचे क्रमांक दरवर्षी तपासण्याचा एक छोटा टास्क त्यांच्यासोबत जोडावा.