अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या दोन ऑफेन्सची (बॉल घेऊन पुढे जाणाऱ्या बाजूंची) तुलना करायची तर नेमकं काय बघायचं

सगळ्यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. स्कीम म्हणजे टीमने काय आखून ठेवलंय, आणि प्ले-कॉलिंग म्हणजे त्यातलं कधी काय बाहेर काढलं. लोक दोन्हीची खिचडी करतात आणि मग तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला प्रत्येक म्हणजे एक डाउन) दोन यार्ड हवे असताना कोचने लांब पास टाकायला लावला की थेट स्कीमच बेकार ठरवून मोकळे होतात.

स्कीम ओळखायला नुसतं फॉर्मेशन (खेळाडू कसे उभे राहतात ते) बघून काही कळत नाही, शॉटगन (क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, काही यार्ड मागे उभा राहतो) आता जवळपास सगळेच लावतात. त्यापेक्षा हे बघा की डिफेन्समधल्या कोणाला पेचात टाकलं जातंय. ट्रिपल ऑप्शन या रन प्लेमध्ये दोन डिफेंडरना मुद्दामच ब्लॉक करत (अंगाने अडवत) नाहीत, पहिला फुलबॅकवर (मधून बॉल घेऊन धावणाऱ्यावर) धावला तर क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवतो, दुसरा क्वार्टरबॅकवर आला तर बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे पिच (बॉल फेकणं). आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स वर्षानुवर्षं हेच खेळत आलेत, कारण मिलिटरी अकॅडमीत धिप्पाड लाइनमन (पुढच्या रांगेत ब्लॉक करणारे) मिळणं अवघड, आणि ज्याला ब्लॉकच करायचं नाही त्याच्याशी ताकदीने भिडायचा प्रश्नच येत नाही. कोच रिच रॉड्रिगेझच्या झोन रीडमध्ये तेच डोकं, फक्त शॉटगनमधून आणि मोकळा सोडलेला माणूस म्हणजे मागच्या बाजूचा (रन जातोय त्याच्या उलट बाजूचा) डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे डिफेन्सच्या रांगेतला कडेचा खेळाडू. आरपीओमध्ये (रन-पास ऑप्शन, रन की पास ते क्वार्टरबॅक प्ले सुरू झाल्यावर ठरवतो) बहुतेक वेळा लाइनबॅकर (डिफेन्सच्या रांगेमागचा खेळाडू) सापडतो, रनसाठी पुढे आला की त्याच्या पाठीमागे पास. कॉलेजमध्ये पास सुटेपर्यंत लाइनमनला तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकच, म्हणून हा प्रकार इथे इतका फोफावला.

एअर रेड या पासवर भर देणाऱ्या स्कीमचं गणित वेगळं. कोच हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी 1989 पासून आयोवा वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजात हे घडवलं: प्ले मोजकेच, पण रोज तेच घोटायचे. त्यातल्या मेश नावाच्या प्लेमध्ये दोन रिसीव्हर (पास झेलणारे) एकमेकांना जवळजवळ घासून क्रॉस होतात आणि क्वार्टरबॅक मोकळी जागा शोधतो. त्यामुळे एअर रेड टीमचं प्लेबुक छोटं आहे अशी तक्रार करणं मला तरी पटत नाही, छोटं असणं हाच तर त्यांचा मुद्दा आहे.

मैदानही बघा. कॉलेजमध्ये हॅश मार्कच्या दोन रांगा (मैदानावरच्या खुणा, प्लेची सुरुवात त्यांच्या मधून किंवा त्यांच्यावरून होते) एकमेकांपासून 40 फूट लांब असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे बॉल एका हॅशवर असला की दुसरीकडे प्रचंड जागा उरते, तिकडे कोण किती वेळा जातं याची नोंद ठेवा, पुष्कळ काही कळतं.

आता प्ले-कॉलिंग. वही घ्या आणि प्रत्येक प्लेला डाउन, किती यार्ड हवेत, स्कोअर, रन की पास आणि किती मिळाले एवढंच लिहा. यशस्वी प्लेचा एक प्रचलित हिशोब असा: पहिल्या डाउनला हव्या त्याच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. सुरुवातीचे प्ले बहुतेक टीम आधीच लिहून आणतात, प्ले निवडणाऱ्या कोचचा खरा स्वभाव त्यानंतर दिसतो, आणि पहिल्या डाउनला जास्त दिसतो कारण तिथे त्याच्यावर जबरदस्ती नसते. सामना एकतर्फी झाला की वही बंद.

स्कोअर का लिहायचा ते 2023 च्या मिशिगन-पेन स्टेट सामन्यात बघा. मिशिगनने सलग 32 रन प्ले खेळले, दुसऱ्या हाफमध्ये अधिकृत पास एकही नाही (एक टाकला होता, पण पेनल्टीमुळे तो मोजला गेला नाही) आणि 24-15 ने जिंकले. नुसते आकडे बघणारा म्हणेल यांना पास जमतच नाही, पण क्वार्टरबॅक होता जे. जे. मॅकार्थी, जो पुढच्याच वर्षी एनएफएल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या राउंडमध्ये गेला. आघाडी हातात होती, डिफेन्स भक्कम होता, रिस्क कशाला घ्यायची.

आकड्यांत फसायच्या जागा तीन-चार आहेत. एकूण यार्डांवर जाऊ नका, प्रत्येक प्लेमागे किती ते बघा, नाहीतर कोच चिप केली यांच्या ओरेगनसारखी धडाधड प्ले खेळणारी टीम कायम वरच दिसणार. कॉलेजमध्ये सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्यावर गमावलेले) यार्ड रनमधून वजा होतात, त्यामुळे पास टाकणाऱ्या टीमचा रन आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. 2023 पासून हवे ते यार्ड पूर्ण होऊन नवा फर्स्ट डाउन मिळाला तरी घड्याळ थांबत नाही (हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून), म्हणून जुन्या सीझनशी तुलना करताना प्लेची संख्या बघून घ्या. आणि ऑप्शन टीमविरुद्ध तयारीला एरवी डिफेन्सला जेमतेम आठवडा मिळतो, बोल गेमआधी (सीझन संपल्यावरच्या खास सामन्याआधी) कित्येक आठवडे मिळतात, तेव्हा हे दोन सामने एकाच तक्त्यात टाकू नका.