पिकअप खोल पाण्यात घालायची तर स्नॉर्केलच्या आधी ब्रीदर बघा

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात जो तो स्नॉर्केलची, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणाऱ्या उंच नळीची, चौकशी करत फिरतो. हौसिंग म्हणजे चाकांच्या आसाचा गिअर-ऑइलचा डबा, आणि ब्रीदर म्हणजे त्याची हवा आत-बाहेर जायची वाट. त्या ब्रीदरबद्दल कुणी विचारत नाही, आणि खर्च तिथेच निघतो.

हे सगळं ओढ्याच्या, साचलेल्या पाण्यासाठी आहे. पुरासाठी नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, की पाणी आलेल्या रस्त्यावर किंवा बंधाऱ्यावर गाडी घालायचीच नाही. 2 फूट वाहतं पाणी पिकअपसुद्धा ओढून नेतं.

आधी गाडीच्या पुस्तकात पाण्याची मर्यादा बघा. टोयोटा हायलक्सला ती 700 मिलिमीटर आहे. स्नॉर्केल लावल्याने हा आकडा वाढत नाही. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर होते तिथेच राहतात. कनेक्टरना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

आता ब्रीदर. चालून तापलेलं हौसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलमधून. ऑइल दुधाळ होतं, मग बेअरिंग जातात. म्हणून पुढचं-मागचं हौसिंग, गेअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) या सगळ्यांचे ब्रीदर ऑइल सोसणाऱ्या पाइपने बॉनेटखाली उंचावर न्या.

मला सगळ्यात जास्त छळलं ते मागच्या हौसिंगच्या पाइपने. जॅक हौसिंगखाली लावून गाडी उचललेली असताना तो अगदी नीट बसलेला दिसतो. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की ताणतो आणि निपलवरून (हौसिंगवरच्या पाइप जोडायच्या तोटीवरून) निसटतो. म्हणून पाटे पूर्ण खाली सोडून लांबी मोजा, वर थोडी ढील ठेवा. सायलेन्सरपासून लांब ठेवा. मध्ये कुठे झोळ नको, तिथे पाणी साचतं. केबल टाय आवळून पाइप चिमटू नका. पाइप बंद झाला तर तापलेलं ऑइल सीलमधून बाहेर येतं. निपलला जोडण्याआधी तोंडाने फुंकून बघा, हवा सहज गेली पाहिजे. ‘ब्रीदरच्या तोंडाला बूच मारा, पाणीच जाणार नाही’ हा सल्ला देणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

स्नॉर्केल लावलाच, तर एअर फिल्टरच्या डब्याचे सांधे आणि खालचं पाणी निथळायचं भोक तपासा. तिथून हवा आत येत असेल, तर पाणीही येणार.

पाण्यात लो रेंज (फोर-व्हीलचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा टप्पा), पहिला गिअर, एकसारखा चालीचा वेग. मध्ये गिअर बदलू नका. इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी हौसिंगचा खालचा बोल्ट जरासा सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. एक थेंब दिसला तरी ऑइल बदला.