कांद्याच्या मुळाची स्लाइड करायचीय? आधी एवढी तयारी करा

अकरावी-बारावीच्या बायो प्रॅक्टिकलला मुलं पेशीविभाजनाच्या चारही आकृत्या तोंडपाठ करून येतात, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला की गप्प होतात, कारण आकृतीतलं काहीच तिथे दिसत नाही. बऱ्याचदा यात मुलांचा दोष नसतो, मूळच चुकीचं घेतलेलं असतं नाहीतर स्लाइड नीट दाबलेली नसते. त्यामुळे तयारी आठवडाभर आधीच सुरू करा आणि ती कांद्यापासून करा.

कांदा घट्ट, कोरडा, मध्यम आकाराचा बघून घ्या. खालची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने हलकेच खरवडून टाका, पण बुडाची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच फुटतात. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल, पाणी रोज बदला, आणि एकाच कांद्यावर विसंबू नका, तीन-चार लावा, कारण काहींना मुळं फुटतच नाहीत. चार-पाच दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची पांढरीशुभ्र मुळं येतात.

मुळं सकाळी कापा, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, तेव्हा टोकाला विभाजन जोरात चालू असतं. कापल्या कापल्या फिक्सेटिव्हमध्ये टाका, म्हणजे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, आणि हे मिश्रण त्याच दिवशी ताजं करायचं, शिक्षकांसमोर, खिडकी उघडी ठेवून, ॲसिडचा वास नाकात जातो. चोवीस तास ठेवलं की पेशी जिथल्या तिथे थांबतात, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवलं तर पुढे बरेच दिवस वापरता येतात.

प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलावर स्लाइड, कव्हरस्लिप, सुई, ब्लेड, फिल्टर पेपर, स्पिरिट लॅम्प, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं लाल रंगवणारा स्टेन) आहे का ते आधी बघून घ्या. मुळावर ॲसिडचा एक थेंब टाकला की पेशींना चिकटवून ठेवणारा थर सैल पडतो, त्याशिवाय त्या सुट्या होत नाहीत. मग स्टेनचे दोन-तीन थेंब आणि लॅम्पवरून स्लाइड हलकी फिरवत कोमट करायची, उकळू द्यायची नाही आणि वाळूही द्यायची नाही. पाच-दहा मिनिटांनी बघा, अगदी टोकाचे दोन-तीन मिलिमीटर बाकीच्या मुळापेक्षा गडद लाल दिसतात. तेवढंच ठेवा, वरचा भाग काढून टाका, वरच्या पेशी लांब वाढताहेत, विभाजित होत नाहीत. कव्हरस्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकाने हळूहळू टकटक करा, मग फिल्टर पेपरमध्ये धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप बाजूला सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत पाण्यात.

आधी दहाच्या लेन्सवर चौकोनी, दाटीवाटीच्या पेशींचा भाग शोधा, मगच चाळीसवर जा. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत दिसतील, गोल एकसारखं केंद्रक, हे अपेक्षितच आहे, स्लाइड बिघडली समजू नका. केंद्रकात धाग्यांचा गुंता दिसला तर प्रोफेज, आणि विभाजन करणाऱ्या पेशींत त्याच जास्त सापडतात कारण ही अवस्था सगळ्यात जास्त वेळ चालते. गुणसूत्रं मधोमध रांगेत आली की मेटाफेज. ॲनाफेज चटकन उरकते म्हणून चिकाटीने शोधावी लागते, पण सापडली की विसरता येत नाही, दोन गट एकमेकांपासून दूर ओढले जाताहेत आणि टोकं मागे राहिलेली. टेलोफेजला दोन्ही टोकांना गोळे होतात आणि मधे नवी भिंत उभी राहताना दिसते, ती मधून कडेला वाढत जाते, प्राण्यांच्या पेशीसारखी बाहेरून आत खाच पडत नाही. जर्नलमध्ये सेंट्रिओल (प्राण्यांच्या पेशीत केंद्रकाजवळ असणारं छोटं अंगक) काढू नका, कांद्याच्या पेशीत ते नसतंच, परीक्षक हे हमखास विचारतात.

व्हायवासाठी आकडे पक्के करा. कांद्याच्या मुळाच्या पेशीत 16 गुणसूत्रं, विभाजनानंतर दोन्ही पेशींत 16च. इथेच खूप जण मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम जोडून मोकळे होतात, ते चूक आहे. जोडीतले आनुवंशिक घटक वेगळे होतात ते मिऑसिसमध्ये, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात, आणि कांद्याच्या मुळाच्या पेशींत मिऑसिस होत नाही. ते बघायचं तर कांद्याच्या डेंगळ्यावरच्या न उमललेल्या कळ्या घ्या, त्यातल्या परागकोशात 16 ची 8 होतात. मेंडेलने वाटाण्याचं काम 1865 मध्ये ब्रनो शहरात (आताच्या चेक प्रजासत्ताकात) वाचून दाखवलं, 1866 मध्ये छापलं, तेव्हा गुणसूत्रं कोणाला नीट माहीतच नव्हती. वॉल्थर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या) पेशींत विभाजन बघून 1882 मध्ये त्याला मायटोसिस नाव दिलं, 1900 ला मेंडेलचं काम पुन्हा उजेडात आलं, आणि सटन आणि बोव्हेरी यांनी 1902-03 च्या सुमारास गुणसूत्रं आणि मेंडेलचे घटक यांची सांगड घातली. हा क्रम डोक्यात बसला की मोनोहायब्रिडचं (एका गुणधर्माच्या संकराचं) 3:1 आणि डायहायब्रिडचं (दोन गुणधर्मांच्या संकराचं) 9:3:3:1 हे प्रमाण नुसतं पाठ करावं लागत नाही.

आणि एक कोरा कागद सोबत ठेवा, त्यावर पाच रकाने आखा, इंटरफेज आणि चार अवस्था. दोन-तीन वेगवेगळ्या जागी दिसणाऱ्या सगळ्या पेशी मोजून रेघा मारा, विभाजित होणाऱ्या पेशींना एकूण पेशींनी भागून शंभरने गुणलं की मायटॉटिक इंडेक्स आला. मोजणी स्लाइड ओली असतानाच उरका, कडेने वाळायला लागली तर स्टेनचा एक थेंब सोडा.