चारच नगांचा ड्रमसेट: मांडायचा कसा, मिळवायचा कसा, वाजवायचा कसा

पाच ड्रमचा सेट समोर असला की हाताला एक वाट पाठ होते. गाण्याचा मुखडा संपत आला की स्नेअरवरून (मधला, खाली तारा असलेला ड्रम) पहिला टॉम (तारा नसलेला ड्रम), मग दुसरा, मग फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा असणारा मोठा टॉम) आणि समेवर क्रॅश (जोरात फुटणारी झांज). शंभर गाण्यांत शंभर वेळा हीच वाट. टॉम काढून टाकले की ती वाट बंद होते आणि हाताला जागच्या जागी काहीतरी शोधावं लागतं. छोट्या सेटची खरी गंमत इथून सुरू होते.

तबल्याच्या दायाकडे बघा. पाच-सहा इंचांचं तोंड, पण चाट, लव आणि शाई या तीन जागांवर बोटं बदलली की बोल बदलतात. स्नेअर तर चौदा इंचांचा आहे. त्याच्या पृष्ठभागावर तितक्याच वेगवेगळ्या जागा आहेत, शिवाय भोवती लोखंडी रिम (कडं) आहे आणि खाली तारा आहेत. शेजारी तीन टॉम तयार असतात म्हणून बहुतेकांचा हात त्या जागांपर्यंत पोचतच नाही.

काय ठेवायचं

किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, हाय-हॅट (पायानं उघडबंद होणारी झांजांची जोडी) आणि एक झांज, एवढंच. किक १८ किंवा २० इंची, स्नेअर १४ इंची (खोली साडेपाच ते साडेसहा इंच), हाय-हॅट १४ इंची आणि झांज २० इंची राइड (ठेका धरायची मोठी झांज). घरात २२ इंची किक असेल तर तीच वापरा, नवीन घेऊ नका. पैसे खर्च करायचेच असतील तर झांजेवर करा. राइड पातळ किंवा मध्यम जाडीची हवी. तिच्या पसरट भागावर टोकानं वाजवलं तर स्पष्ट टिणटिण आली पाहिजे आणि कडेवर काठीच्या दांड्यानं मारलं तर क्रॅशसारखी फुटली पाहिजे. जाड, जड राइड दुसरं काम करत नाही, आणि या सेटमध्ये एका झांजेला दोन्ही कामं करायची आहेत.

एवढ्या सामानात भागतं का, ही शंका जुनी आहे आणि तिची उत्तरंही जुनी आहेत. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये ड्रमर क्लाइड स्टबलफील्डनं १९६९ मध्ये वाजवलेला काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा पुढे असंख्य हिप-हॉप रेकॉर्डमध्ये वापरला गेला, आणि त्यात किक, स्नेअर आणि हाय-हॅट यांचंच काम आहे. व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडची ड्रमर मो टकर किक आडवी ठेवून, उभी राहून, मॅलेटनं (मऊ डोक्याच्या काठीनं) वाजवायची आणि झांजांना क्वचितच हात लावायची. स्ट्रे कॅट्स बँडचा ड्रमर स्लिम जिम फँटमही उभ्यानंच वाजवतो, समोर मोजके दोन-तीन नग घेऊन.

मांडणी

आधी स्टूल लावा, बाकी सगळं नंतर. बसल्यावर मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. गुडघा कमरेच्या वर गेला तर पायाचं वजन पेडलवर नीट पडत नाही आणि अर्ध्या तासात कंबर धरते. आता डोळे मिटून दोन्ही पाय जिथे सहज पडतात तिथे ठेवा. उजव्या पायाखाली किकचं पेडल येऊ द्या, डाव्याखाली हाय-हॅटचं. पाय सामानाकडे न्यायचा नाही, सामान पायाकडे आणायचं.

स्नेअर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवा. रिम मांडीपेक्षा तीन-चार बोटं वर हवी. यापेक्षा खाली ठेवली तर रिमशॉट (ड्रम आणि रिमवर एकदम पडणारा ठोका) मारताना काठी मांडीला लागते. हाय-हॅटची वरची झांज स्नेअरच्या रिमपासून सहा ते आठ इंच वर असली की उजव्या हाताखाली डाव्याला जागा मिळते. टॉम गेल्यामुळे किकच्या वर मोकळी जागा झाली आहे. राइड तिथे आणा, किकच्या उजव्या बाजूवर, इतकी जवळ की वाजवताना कोपर बरगडीपासून फार लांब जाणार नाही. तिला आपल्याकडे थोडा कल द्या. वरचा नट पूर्ण आवळू नका. झांज मोकळी झुलली नाही तर आवाज कोंडतो, आणि आवळलेली झांज तडकायला वेळ लागत नाही.

हाय-हॅटच्या दोन झांजांत साधारण बोटभर फट ठेवा. खालच्या झांजेखाली एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून तिला किंचित तिरपी करा. दोन्ही झांजा अगदी समांतर असल्या तर बंद होताना मधली हवा अडकते आणि पायानं वाजवलेली ‘चिक’ दबून जाते. बरेचजण हा दोष झांजांच्या माथी मारतात, दुरुस्ती मात्र त्या स्क्रूची असते.

१८ इंची किक घेतली तर एक अडचण नक्की येणार. तिचं केंद्र जमिनीपासून जेमतेम नऊ-दहा इंचांवर असतं आणि बीटर (पेडलचा ठोका देणारा गोळा) त्याच्या बराच वर, रिमच्या दिशेनं आपटतो. आवाज पातळ येतो. उपाय दोन: किकखाली उचलणी लावून ती दोन-तीन इंच वर घ्या, किंवा बीटरची दांडी पेडलमध्ये खाली सरकवा. दांडी फार आखूड केली तर फटक्याचा जोर कमी होतो, म्हणून पहिला उपाय चांगला. जुन्या १६ इंची फ्लोअर टॉमला उचलणी आणि पुढे दोन पाय बसवून त्याचीही किक करता येते. छोट्या खोलीत ती छान बोलते, पण उघड्या मैदानावर माइक लावल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

मिळवणी

मोठ्या सेटमध्ये बेसूर स्नेअर गर्दीत लपून जातो. इथे लपायला जागा नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

स्नेअरच्या खालच्या हेडपासून (ड्रमवर ताणलेल्या पडद्यापासून) सुरुवात करा. तारांच्या बाजूचं हे हेड फार पातळ असतं, साधारण तीन मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल). त्याला काठी लावू नका आणि बोटानं जोरात दाबू नका. सगळे स्क्रू आधी बोटांनी घट्ट होतील तेवढे फिरवा. मग ड्रमच्या चावीनं समोरासमोरच्या जोड्या घेत अर्धा-अर्धा फेरा द्या. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलात तर हेड एकीकडे ओढलं जातं आणि मग ते सरळ करण्यात सगळा वेळ जातो. बोटांच्या घट्टपणापासून साधारण दीड ते दोन फेरे पुरतात. मग वरचं हेड याच पद्धतीनं लावा, एक ते दीड फेरा. वर जाडसर पांढऱ्या लेपाचं एकपदरी हेड घ्या. ब्रश (तारांच्या झुबक्याच्या काठ्या) वाजवायचे असतील तर त्या खरखरीत लेपाशिवाय आवाजच येत नाही.

आता एक बोट हेडच्या मध्यावर हलकेच टेकवा आणि प्रत्येक स्क्रूसमोर, रिमपासून इंचभर आत, काठीच्या टोकानं टिचकी मारा. आठ किंवा दहा टिचक्यांचा स्वर एकच यायला हवा. एखादी जागा खाली उतरली असेल तर तो स्क्रू आणि त्याच्या समोरचा, दोन्ही पाव फेऱ्यानं बघा. कधीकधी दोष ऐकू येतो एका स्क्रूपाशी आणि असतो समोरच्या.

तारा शेवटी लावा. त्या आवळत जा आणि दर थोड्या फेऱ्यानं हेडवर अगदी हलका ठोका द्या. एका क्षणी तो हलका ठोका ‘टक्’ असा कोरडा होईल. तिथून एक फेरा मागे या. तारा जास्त आवळल्या की मोठे ठोके दमदार वाटतात, पण बारीक ठोके मरतात, आणि छोट्या सेटवर अर्धं संगीत त्या बारीक ठोक्यांतच असतं.

किकचं मागचं, पेडलच्या बाजूचं हेड सुरकुत्या जातील तेवढं आवळून वर पाव फेरा द्या, पुढचं थोडं जास्त ठेवा. आत उशा-गाद्या कोंबू नका. टॉम नसताना गुंजणारा एकच ड्रम उरतो तो हाच. एक पंचा घडी करून आत तळाशी ठेवा, मागच्या हेडला जेमतेम टेकेल असा. १८ इंची किक फार सैल सोडली तर ती खोल बोलत नाही, नुसती फडफडते. थोडी वर मिळवली की गोल आवाज येतो.

किक वाजवली की स्नेअरच्या तारा झुरझुरतात, ही तक्रार नेहमीची. दोघांचे स्वर एकमेकांच्या जवळ आले की असं होतं. वरच्या हेडचा स्वर थोडा चढवा किंवा उतरवा. तारांच्या दोन्ही टोकांजवळचे खालचे चार स्क्रू पाव फेरा सैल केले तरी झुरझुर पुष्कळ कमी होते. पूर्ण जाणार नाही, आणि थोडी राहिली तर वाजवताना ती खटकतही नाही.

एका स्नेअरचे आवाज

मध्यावर ठोका: कोरडा, जाड. रिमकडे सरकलात की आवाज उघडा आणि गुंजणारा होतो. काठीनं हेड आणि रिम एकदम धरली की रिमशॉट. काठी उलटी करून तिचं टोक हेडवर टेकवा, तळहात हेडवर ठेवा आणि जाड बाजू रिमवर टाका, लाकडाचा ‘टॉक्’ येतो. काठीचा किती भाग रिमच्या बाहेर राहतो यावर तो आवाज ठरतो. काठी इंच-इंच सरकवत जा, एका जागी तो एकदम भरीव होतो. तिथे काठीवर पेन्सिलनं खूण करून ठेवा.

बाजूचा खटका पाडला की तारा सुटतात आणि स्नेअर चक्क टॉम होतो. त्यावर पातळ पंचा एकपदरी पसरला की खर्जातला ‘थप्प’ येतो, जुन्या रेकॉर्डवरच्या टॉमसारखा. खटका चालू गाण्यात पाडायचा तर डाव्या हाताला एक मात्रा मोकळी लागते. ती मात्रा कुठे येणार हे आधी ठरवा आणि फक्त तेवढी हालचाल दहा-वीस वेळा करा.

हाय-हॅटचंही तसंच. टोकानं वर वाजवलं की बारीक, दांड्यानं कडेवर मारलं की जाड. पायाचा दाब जराजरा सोडत गेलात तर ‘टिक्’पासून ‘त्श्श’पर्यंत सात-आठ पायऱ्या मिळतात. नुसत्या पायानं ‘चिक’ येतो, आणि पाय आपटून लगेच उचलला तर छोटी झांज वाजल्यासारखी लहर येते.

रियाज

मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवा, एका ठोक्यात दोन मात्रा, आठ मात्रांचं आवर्तन. हाय-हॅट आठही मात्रांवर. किक १ आणि ५ वर. स्नेअर ३ आणि ७ वर. हा ठेका पाच मिनिटं अजिबात न बदलता वाजवा. मग दर चार आवर्तनांनी एकच गोष्ट बदला: हाय-हॅट टोकाऐवजी दांड्यानं, मग आठव्या मात्रेवर तो उघडा, मग स्नेअरच्या जागी लाकडाचा ‘टॉक्’, मग हाय-हॅट सोडून राइड आणि डावा पाय ३ व ७ वर. ठोके तेच आहेत, तरी प्रत्येक वेळी गाणं वेगळं वाटतं.

यात आता डाव्या हाताचे बारीक ठोके घाला: ४ आणि ५ च्या मध्ये एक, ५ आणि ६ च्या मध्ये एक. काठी हेडपासून दोन बोटांपेक्षा वर उचलायची नाही. ३ आणि ७ चे मुख्य ठोके मात्र पूर्ण उंचीवरून. दोन्ही सारखेच ऐकू येत असतील तर मुख्य ठोका वाढवू नका, बारीक ठोका आणखी खाली आणा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका. वाजवताना जे बारीक वाटतं ते ऐकताना बहुधा मोठंच निघतं.

फिल (ठेका सोडून समेआधी वाजवायचा छोटा तुकडा) चौथ्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या आठ ठोक्यांत बसवा. पहिला प्रकार: ३-३-२. उजवा, डावा, किक, उजवा, डावा, किक, उजवा, डावा. दोन्ही हात स्नेअरवर, पण पहिले तीन रिमजवळ, पुढचे तीन मधल्या पट्ट्यात, शेवटचे दोन अगदी मध्यावर. आवाज उघड्याकडून बंदाकडे जातो आणि कानाला तीन टॉम उतरल्यासारखं वाटतं. दुसरा प्रकार: ५ वर एक रिमशॉट, मग ६ आणि ७ पूर्ण मोकळ्या, ८ वर उघडा हाय-हॅट, समेवर बंद. मोकळ्या मात्रांत मनात मोजणं सोडलंत तर सम लवकर येते. बहुतेकांची तशीच येते. म्हणून सुरुवातीला त्या दोन मात्रा तोंडानं म्हणा.

एक नियम आठवडाभर पाळून बघा: समेवर झांज फोडायची नाही. समेवर फक्त किक, किंवा किक आणि बंद हाय-हॅट. पहिले दोन दिवस प्रत्येक फिल अर्धवट राहिल्यासारखी वाटेल. मग हात फिलचा शेवट आधीच शोधायला लागतो.

जागा, पाऊस आणि रिक्षा

किक घसरत असेल तर पुढच्या पायांची टोकं गालिच्यात रुतवा, आणि स्टूलही त्याच गालिच्यावर ठेवा. तुमच्या वजनानं गालिचा जागचा हलत नाही. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्याला त्रास होतो तो मुख्यतः जमिनीतून जाणाऱ्या किकच्या धक्क्याचा, म्हणून गालिच्याखाली जाड रबर टाका आणि हातात बांबूच्या काड्यांचे रॉड किंवा ब्रश घ्या.

कोकणात आणि मुंबईत प्लॅस्टिकच्या हेडला पावसाचं काही वाटत नाही. गंजतात ते स्क्रू. जूनच्या आधी प्रत्येक स्क्रू काढून आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, रिमवर कोरडं फडकं फिरवा. हाय-हॅटचा क्लचही (वरची झांज दांडीला धरून ठेवणारा भाग) एकदा तपासा. तो वाजवता वाजवता सैल होतो आणि वरची झांज नेमकी गाण्याच्या मध्यात खाली बसते. चावी खिशातच असू द्या.

१८ इंची किक, स्नेअर, झांजांची पिशवी आणि दोन स्टँड एवढं एका रिक्षात बसतं. किक आडवी नको, सीटवर उभी ठेवा, पेडल काढून. स्नेअर मांडीवर घ्या, तारांची बाजू वर, म्हणजे खड्ड्यात त्या पातळ हेडवर कशाचा भार येत नाही.