भंडारदऱ्याला एका दिवसाची पिकनिक करायची असेल तर

पहिलं म्हणजे रविवार टाळा. पावसाळ्यातल्या रविवारी घोटीच्या पुढे गाड्यांची अशी लाईन लागते की अर्धा दिवस समोरच्या गाडीचा नंबर पाठ करण्यात जातो, म्हणून जमलं तर मधल्या वारी सुट्टी टाका आणि मुंबईहून पहाटे पाचला निघा, नऊपर्यंत धरणाजवळच्या शेंडी गावात पोचून चहा होतो. पुण्याकडचे संगमनेर-अकोले-राजूर मार्गे येतात. पेट्रोल आणि कॅश मात्र घोटी किंवा राजूरलाच उरकून घ्या, कारण पुढे नेटवर्क गेलं की ऑनलाईन पेमेंट पण गेलं.

बहुतेक लोक विल्सन डॅमपाशी फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि परत फिरतात. धरण बघायला हवंच, 1926 सालचं दगडी बांधकाम आहे आणि खाली पाणी सोडलेलं असलं तर अंब्रेला फॉल छत्रीसारखा उघडलेला दिसतो (पाणी सोडलेलं नसेल तर नुसता काळा खडक, तिथे रुसू नका). पण चटई टाकून बसायला ती जागा नाही. बसायचं तर तळ्याला वळसा घालून रतनवाडीला जा, शेंडीपासून वीसेक किलोमीटर. तिथे अमृतेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ, शेजारी कोरीव पुष्करणी, मागे रतनगड. देवळाच्या आवारात डबे उघडू नका, थोडं बाजूला गावातल्या माणसाला विचारून झाडाखाली बसा, कुणाचं शेत असतं ते.

जेवण घरून नेलंत तर कोरडं न्या. पण माझं मत विचाराल तर नेऊच नका, सकाळी जाता जाताच गावातल्या एखाद्या घरी किती जणं आहात ते सांगून ठेवा, दुपारी पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा गरम भात मिळतो. ऐनवेळी पंधरा जण दारात उभे राहिलात तर मावशी तरी काय करणार.

आमच्या ग्रुपने एकदा मॅरिनेट केलेलं चिकन आणि कोळसा नेला होता, शहाणपणा नुसता! हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, जंगलात चूल पेटवायची नाही हे नाक्यावरच सांगितलं आणि कोळसा जसाच्या तसा घरी परत आला. तिथे पास काढावा लागतो, पावती टाकून देऊ नका. नियमाचं सोडा, धूर झाला की कड्यावरचं आग्या मोहोळ उठायची भीती असते, उग्र परफ्युमचं पण तेच, आणि माश्या उठल्याच तर हात झटकत बसायचं नाही, तोंड झाकून सरळ लांब पळायचं.

आता पाण्याचं. धरण भरलं की जवळपास 11 टीएमसी (म्हणजे 11 अब्ज घनफूट) पाणी, आणि उन्हाळ्याकडे पातळी खाली जाते तसा काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेला कडक दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. भरलेलं असतं तेव्हा जुने उतार आणि खड्डे पाण्याखाली असतात, म्हणजे दोन पावलं कमरेएवढं आणि तिसऱ्याला तळच नाही, त्यामुळे पोहता येत असलं तरी उतरू नका आणि लहान पोरांवर एकाने सतत लक्ष ठेवा, आळीपाळीने.

सांदण दरी जवळच साम्रद गावाला आहे पण पावसात तिचं नावच काढू नका, दोन कड्यांमधली फट आहे, पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही.

चटई, जास्तीचे कपडे, कचऱ्याला एक मोठी पिशवी आणि माकडांपासून वाचवायला झाकणाचे डबे, एवढं सामान पुरे. चार वाजले की निघाच, पावसाळ्यात घोटीच्या वाटेवर बारी गावाच्या पुढे धुकं उतरलं की गाडीचं बॉनेटसुद्धा धड दिसत नाही.